हातच्या वस्तूची पारख



गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं आम्ही होळीच्या बाजारांत एक टोपली घेण्यासाठीं गेलों होतों. रस्त्याच्या कडेला एक वृद्ध बाई बांबूच्या टोपल्या, सुपें व परड्या मांडून बसली होती. त्यांपैकीं दोन टोपल्या आमच्या नजरेंत भरल्या. आकारानें दोन्ही सारख्या, रंगानेंही जवळजवळ सारख्या; परंतु एकीचा भाव दुसरीच्या दुप्पट. आम्हीं अर्थातच स्वस्त टोपली उचलली, आणि तिच्याही किंमतींतून वीस रुपये कमी करण्याविषयीं घासाघीस आरंभिली. बाईनें क्षणभर आमच्याकडे पाहिलें व ती म्हणाली, "दादा, परसांतला पाला भरायला पाहिजे असेल तर ही न्या. पण घरांत वर्षानुवर्षें वापरायची असेल तर ही नका नेऊं. दिवाळीपर्यंत टिकायची नाहीं."

"मावशी, मग अशी टोपली तुम्ही विकतां तरी कशाला?" आम्हीं विचारलें.

"लोक हीच मागतात म्हणून," ती शांतपणें म्हणाली.

नंतर तिनें दोन्ही टोपल्या उलट्या करून आमच्या पुढें धरल्या. महाग टोपलीच्या तळाला बांबूच्या पाठीच्या, म्हणजे बाहेरच्या चकचकीत सालीच्या, पट्ट्या होत्या. स्वस्त टोपलीचा तळ आंतल्या मऊ गाभ्याच्या पट्ट्यांचा होता. एकीचा कांठ दुहेरी असून तो सर्व बाजूंनीं सारखा बांधलेला होता. दुसरीचा कांठ एकेरी असून चार ठिकाणीं प्लास्टिकच्या दोरीनें कसाबसा आवळलेला होता. हें सर्व आमच्या डोळ्यांसमोर असतांनाही आम्हांस दिसलें नव्हतें, कारण आम्हीं फक्त भाव पाहिला होता. आम्हीं इतकीं वर्षें मुलांना शब्दांचे अर्थ शिकविले, वाक्यांचे दोष दाखविले. परंतु टोपली विकत घेण्यापूर्वीं ती उलटी करून पाहावी, एवढें साधें ज्ञान आम्हांस कोणीं दिलें नव्हतें, आणि आम्हींही तें कोणास दिलें नव्हतें. त्या दिवशींच्या त्या धड्यावरूनच आजचा हा लेख लिहिण्याचें आमच्या मनांत आलें.

आपल्या वसईच्या घरांत पारखी माणसांची उणीव आहे असें मुळींच नाहीं. मासळीबाजारांत गेलेली गृहिणी पापलेटाचे कल्ले उघडून पाहिल्याविना पैसे काढीत नाहीं. केळ्यांचा घड हातांत येतांच तो कोणत्या वाडींतला असावा हें सांगणारे शेतकरी आपल्यांत आहेत. सोन्याच्या बाबतींत तर विचारूंच नका. दागिन्यांवर हॉलमार्कचा शिक्का असणें १६ जून २०२१ पासून देशांतील कित्येक जिल्ह्यांत सक्तीचें झालें. परंतु त्याच्या कितीतरी आधींपासून आपल्या आजीबाई कस पाहूनच सोनें घेत असत. मग जी नजर सोन्यास व मासळीस लागते, ती मडक्यास, टोपलीस, सतरंजीस वा भिंतीवरच्या चित्रास कां लागूं नये? आमच्या मतें याचें कारण असें कीं, हातानें केलेल्या वस्तूंकडे आपण दोनच दृष्टींनीं पाहावयास शिकलों आहों. कांहींजण त्यांस गरिबाघरच्या ओबडधोबड वस्तु म्हणून हिणवितात. आणि कांहींजण, वस्तु हातची आहे एवढ्यावरच भारावून जाऊन, ती कशीही असली तरी तिची स्तुति करतात. या दोन्ही दृष्टि सारख्याच आंधळ्या आहेत असें आम्हांस वाटतें.

पहिल्या दृष्टीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. शहाण्या माणसास तिचा फोलपणा कळतो. दुसरी मात्र अधिक घातक आहे, कारण ती सद्गुणाचें वस्त्र पांघरून येते. "बिचाऱ्या कारागिराला तेवढीच मदत" असें म्हणून आपण एखादी वाईट शिवलेली पिशवी किंवा डगमगणारें स्टूल घरीं आणतों, माळ्यावर टाकतों आणि पुन्हां त्या वाटेस जात नाहीं. यांत कारागिराचें कोणतें हित झालें? त्याला वाटतें, असेंच काम चालतें. शेजारच्या घरीं जो दुसरा कारागीर दुप्पट वेळ खर्चून उत्तम काम करतो, त्याच्या मालाला मात्र गिऱ्हाईक मिळत नाहीं. अशा रीतीनें दयेनें केलेली खरेदी चांगल्या कारागिराच्या पोटावरच पाय देते. दान करावयाचें असेल तर तें दान म्हणून उघडपणें करावें. तें उत्तम कृत्य आहे. परंतु खरेदी करावयाची असेल तर ती खरेदीसारखीच, डोळे उघडे ठेवून करावी. कारागिराच्या कामाचे दोष पाहणें हा त्याचा अपमान नव्हे. त्याचे दोष पाहण्याचीही तसदी न घेणें हा खरा अपमान होय.

आतां पारख करावी तरी कशी, असा प्रश्न आमचे तरुण वाचक विचारतील. याला एक सर्वसामान्य नियम सांगतां येईल. जेथें विकणारा आपली नजर नेतो तेथें आधीं पाहूं नये. जेथें कोणाची नजर जात नाहीं तेथें पाहावें. वस्तूचा तळ, आंतली बाजू, सांधे, कांठ आणि पाठ हीं तिचीं खरीं प्रमाणपत्रें होत. वरचा रंग कोणासही देतां येतो. आंतला सांधा नीट बसविण्यास मात्र हात तयार व्हावा लागतो.

बांबूच्या कामापासूनच आरंभ करूं, कारण तें आपल्या पालघर जिल्ह्याचें घरचें काम आहे. बांबूची बाहेरची बाजू चिवट असते व आंतली मऊ असते. त्या मऊ भागांत पिष्ट अधिक असतें आणि भुंगेऱ्यासारखे किडे त्यावरच जगतात. म्हणून जाणते कारागीर भर पावसाळ्यांतला कोवळा बांबू टाळतात, पावसाळा संपल्यावर पक्क झालेला बांबू तोडतात, आणि पुष्कळदां तो कांहीं दिवस पाण्यांत बुडवून ठेवतात. पाण्यानें पिष्ट धुऊन जातें आणि किडीचा जोर कमी होतो. विकत घेतांना टोपली हातावर हलकेच आपटावी. पिठासारखी पिवळट पूड खालीं पडली तर आंत कीड शिरली आहे असें समजावें. पट्ट्यांवरून बोट फिरवावें; कुसळें टोंचलीं तर पट्ट्या नीट तासलेल्या नाहींत. सुपाच्या बाबतींत तें उजेडासमोर धरून विणीचीं छिद्रें सारखीं आहेत कीं नाहींत तें पाहावें. शेवटीं टोपली जमिनीवर ठेवून कांठावर एका बाजूनें किंचित् दाब द्यावा. चांगली टोपली दबते व पुन्हां आपल्या जागीं येते; वाईट टोपली एकदां दबली कीं तशीच राहते.

मडक्याची परीक्षा कानानें होते. बोटानें टिचकी मारल्यावर खणखणीत नाद आला तर मडकें नीट भाजलेलें व निर्दोष आहे. बद्द आवाज आला तर त्यास कोठें तरी चीर गेलेली असते किंवा भट्टींत तें कच्चें राहिलेलें असतें. पाणी गार करण्यासाठीं मडकें घ्यावयाचें असेल तर बाहेरून तकाकीचा रंग फासलेलें मडकें घेऊं नये. मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतें, त्याची वाफ होते, आणि ती वाफ होतांना आंतल्या पाण्यांतली उष्णता घेऊन जाते. पदार्थविज्ञानाच्या तासाला तुम्हीं शिकलेली ही गोष्ट कुंभारास पाठ्यपुस्तकाविना ठाऊक असते. रंगानें तीं छिद्रें बुजलीं कीं मडकें दिसावयास सुंदर होतें, परंतु आपलें काम विसरतें. शिवाय चकचकीत रंगाच्या कांहीं लेपांत शिसें असूं शकतें. म्हणून खाण्यापिण्याच्या भांड्यांच्या बाबतींत भडक रंगापेक्षां साधी भाजलेली माती अधिक विश्वासाची.

कापडाचें कसब पाठीवरून ओळखतात. आपल्या महाराष्ट्राचें भूषण असलेली पैठणी घ्या. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीच्या कांठाची व पदराची नक्षी दोन्ही बाजूंनीं जवळजवळ सारखी दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरता विणून शेजारच्या धाग्यांत गुंतविलेला असतो. यंत्रावरच्या नकलेंत पदर उलटून पाहिला तर मागें सुट्या किंवा कापलेल्या धाग्यांचें जंजाळ दिसतें. कोल्हापुरी वहाणेचेंही तसेंच आहे. खरी वहाण बाभळीची साल व हिरडा यांसारख्या वनस्पतींनीं कमावलेल्या कातड्याची असते. तिला खिळे मारीत नाहींत, तर कातड्याच्याच वादीनें शिवतात. तळवा उलटून टांके पाहिले कीं पुष्कळ कांहीं कळतें.

परंतु सर्वांत अधिक फसवणूक आज कोठें होत असेल तर ती आपल्याच जिल्ह्यांतील वारली चित्रांच्या बाबतींत. आम्हीही एकदां फसलों, हें कबूल करण्यास संकोच वाटूं नये. शहरांतील एका दुकानांत आम्हीं तारपानृत्याचें एक चित्र "हातानें काढलेलें" म्हणून घेतलें व मोठ्या अभिमानानें घरीं भिंतीवर लावलें. कांहीं दिवसांनीं एका विद्यार्थ्यानें तें पाहिलें. तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "गुरुजी, या सगळ्या नाचणाऱ्यांच्या उजव्या पायाजवळ एकच ठिपका कसा आहे?" आम्हीं जवळ जाऊन पाहिलें. खरोखरच एकाच माणसाची आकृति वर्तुळांत अनेकदां छापली होती, आणि मूळ आकृतींतला एक डाग इमानानें सर्वत्र उतरला होता! दोष दुकानदाराचा होताच, पण आमचाही होता. जें त्या मुलास दिसलें तें आम्हांस दिसावयास हवें होतें.

वारली चित्र मुळांत विकावयाची वस्तुच नव्हतें. लग्नाच्या वेळीं सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक काढीत, आणि त्या चौकांत पालघट देवीची स्थापना करीत. भिंत शेणानें व गेरूनें सारविलेली. कुंचला म्हणजे टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी. आणि आकार म्हणजे वर्तुळ, त्रिकोण व चौकोन. डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हीं चित्रें कागदावर व कापडावर काढून जगापुढें ठेवलीं. त्यांना १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ सालीं पद्मश्री मिळाली, व २०१८ सालीं त्यांचें निधन झालें. ज्या अर्थीं ही कला एका जिवंत हाताची आहे त्या अर्थीं त्या हाताच्या खुणा चित्रांत असल्याच पाहिजेत. कोठें रंग दाट, कोठें विरळ. दोन माणसें सारखीं, पण तंतोतंत सारखीं नव्हेत. रेघ सुरू होते तेथें जाड, आणि संपते तेथें बारीक. हे दोष नव्हेत. ही त्या काडीची व त्या बोटांची सही आहे. चित्र तिरपें धरून उजेडांत पाहिलें तर हातानें दिलेला रंग कापडावर किंचित् उठून दिसतो. छापलेला रंग सपाट असतो. छापील चित्र घेण्यांत पाप नाहीं. तें छापील म्हणून, छापील किंमतीस घ्यावें. पाप आहे तें छापील चित्र हातचें म्हणून विकण्यांत, आणि कांहींसें आळसानें तें हातचें म्हणून घेण्यांतही.

कोणी म्हणतील, "हल्लीं सरकारनें यासाठीं चिन्हें दिलीं आहेत, मग आम्हीं एवढी यातायात कां करावी?" चिन्हें आहेत हें खरें, आणि तीं उपयोगाचीं आहेत हेंही खरें. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ सालीं झाला व २००३ पासून तो अमलांत आला. त्यान्वयें पैठणीस, वारली चित्रकलेस आणि २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस मानांकन मिळालें. कोल्हापुरीचें मानांकन महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार अशा आठ जिल्ह्यांस मिळून आहे. हातमागाच्या कापडासाठीं हातमाग चिन्ह आहे, रेशमासाठीं रेशीम चिन्ह आहे. परंतु एक गोष्ट विसरूं नये. मानांकन हें त्या वस्तूचें कूळ सांगतें. हातांतली ही अमुक वस्तु मन लावून केली आहे कीं नाहीं हें तें सांगत नाहीं. थोर कुळांतही आळशी मुलगा जन्मतो. म्हणून चिन्ह पाहावेंच, आणि मग तळही पाहावा.

जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं एका जगप्रसिद्ध फॅशन कंपनीनें आपल्या प्रदर्शनांत कोल्हापुरी वहाणांसारख्याच वहाणा मांडल्या आणि आरंभीं कोल्हापुरचें नांवही घेतलें नाहीं. आपल्याकडे मोठा गवगवा झाला, आणि मग त्या कंपनीनें या वहाणांचें मूळ भारतीय असल्याचें मान्य केलें. तो राग योग्यच होता. परंतु आम्हीं तेव्हां आमच्याच मनास एक प्रश्न विचारला: रागावलेल्या आपणां सर्वांपैकीं किती जणांच्या पायांत त्या दिवशीं कोल्हापुरी होती? आणि ज्यांच्या पायांत होती त्यांच्यापैकीं कितींनीं ती घेतांना भाव पाडून घेतली होती? परक्यानें आपल्या कारागिराचें नांव घेतलें नाहीं म्हणून आपण चिडतों. आपण स्वतः मात्र त्याचें नांव विचारण्याची तसदी घेत नाहीं.

यावरून आम्ही किंमतीच्या प्रश्नाकडे येतों. मोठ्या दुकानांत काचेमागें चिठ्ठी लावलेली वस्तु आपण मुकाट्यानें घेतों. तेथें घासाघीस करणें आपणांस लाजिरवाणें वाटतें. तेंच रस्त्यावर बसलेल्या बाईकडून वीस रुपये सोडवून घेतल्यावर आपण विजयी वीरासारखे घरीं परततों. हे वीस रुपये कोठून आले याचा विचार करावा. बांबू कमी लागला नाहीं. तो तोडणें, वाहून आणणें, चिरणें, तासणें, विणणें यांतलें एकही काम कमी झालें नाहीं. बाजारापर्यंतचें गाडीभाडेंही कमी झालें नाहीं. तेव्हां ते वीस रुपये केवळ तिच्या मजुरींतून गेले. पुढच्या वेळीं ती काय करील? ती दुहेरी कांठाऐवजीं एकेरी कांठ बांधील, पाठीच्या पट्टीऐवजीं गाभ्याची पट्टी घालील. आणि मग आपणच म्हणूं, "हल्लीं पूर्वींसारखें काम राहिलें नाहीं." काम कमी प्रतीचें झालें, कारण आपण भाव पाडला, होळीच्या बाजारांतील त्या बाईनें "लोक हीच मागतात" असें जें म्हटलें त्याचा अर्थ हाच.

बरें, स्वस्त तें खरोखर स्वस्त असतें काय? समजा, एक टोपली ३०० रुपयांस मिळाली व ६ वर्षें टिकली. दुसरी १५० रुपयांस मिळाली व एका वर्षांत मोडली. पहिलीचा खर्च वर्षास ५० रुपये झाला, दुसरीचा १५०. अंकगणितांत तुम्हीं याहून कितीतरी अवघड उदाहरणें सोडविलीं आहेत. परंतु हें सोपें उदाहरण बाजारांत गेल्यावर मोठमोठ्यांना सुटत नाहीं.

येथें पालकांपैकीं कोणी म्हणतील, "तुमचें म्हणणें ठीक आहे, पण महिन्याच्या शेवटीं आमच्या हातांत तेवढे पैसे नसतात." हा आक्षेप खरा आहे, व त्यास वरवरचें उत्तर देण्याची आमची इच्छा नाहीं. ज्या घरांत मुलाच्या वह्यांचा खर्चही जड जातो त्या घरानें महाग टोपली घ्यावी असें सांगणें हा उद्दामपणा होईल. प्लास्टिकच्या बादलीनें व घागरीनें पाणी वाहणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावरचा भार हलका केला, हेंही आम्ही मान्य करतों. यंत्राची निंदा करण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, घरांत दहा वस्तु घेण्याऐवजीं सहा घ्याव्या, पण त्या सहा चांगल्या घ्याव्या. सणासुदीस, वाढदिवसास, लग्नकार्यांत आपण ज्या भेटवस्तु देतों त्यांपैकीं किती वस्तु वर्षभरानंतर कोणाच्या उपयोगीं पडतात? जेथें पैसे नाहींत तेथें आम्ही कांहीं मागत नाहीं. जेथें पैसे खर्च होतच आहेत तेथें ते कोठें जातात हें पाहा, एवढीच विनंती.

विचारी लोकांनीं हा प्रश्न यापूर्वींही ओळखला होता. महात्मा गांधींच्या प्रेरणेनें १९३४ सालीं वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि खेड्यांतील चांगल्या वस्तु लोकांच्या डोळ्यांपुढें राहाव्या म्हणून १९३८ सालीं तेथेंच मगन संग्रहालय उघडण्यांत आलें. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं अखिल भारतीय हस्तकला मंडळ निघालें व श्रीमती कमलादेवी चट्टोपाध्याय यांनीं त्याच्या द्वारें देशभरच्या कारागिरांस आधार दिला. दूर जपानांत यानागी सोएत्सु या विचारवंतानें खेडुतांच्या रोजच्या वापरांतील वाट्या, टोपल्या, चटया यांतलें सौंदर्य देशबांधवांस दाखविलें, आणि १९३६ सालीं टोकियोमध्यें त्यांचें संग्रहालय उभारलें. राजवाड्यांतल्या किंमती वस्तु तर सारेच जपून ठेवतात. परंतु ज्या वाटींत गरीब माणूस रोज जेवतो ती वाटीही जपण्याइतकी सुंदर असूं शकते, हें त्यानें लोकांच्या मनावर बिंबविलें. आमच्या मतें पारखीचें हेंच खरें शिक्षण होय.

आणि आतां ज्या गोष्टीसाठीं हा सर्व खटाटोप, ती सांगतों. आपल्या जिल्ह्यांतील जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतून पुष्कळ आदिवासी कुटुंबें दिवाळीनंतर घरें बंद करून वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात. कित्येक आपल्या वसईकडेही येतात. त्यांच्याबरोबर त्यांचीं मुलेंही येतात, आणि त्या मुलांची शाळा अर्ध्या वर्षांत सुटते. तीं मुलें तुमच्याच वयाचीं आहेत. जें कुटुंब घरबसल्या बांबूच्या कामावर पोट भरूं शकेल त्यास घर सोडण्याचें कारण उरणार नाहीं. वसई तालुक्यांतच भालिवली येथें आदिवासी भगिनींस बांबूकाम शिकविण्याचें केंद्र चालतें. शास्त्रदृष्ट्या गवत असलेला बांबू १९२७ च्या वन कायद्यानें 'झाड' ठरविला होता. २०१७ च्या दुरुस्तीनें वनाबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येंतून वगळला, व तो तोडण्याची आणि नेण्याची अडचण पुष्कळशी दूर झाली. म्हणजे हात आहेत, बांबू आहे, कायद्याची वाटही मोकळी झाली आहे. उणीव आहे ती पारखी गिऱ्हाइकाची. आपण एक टोपली घेतल्यानें स्थलांतर थांबेल असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. परंतु चांगल्या कामाला चांगला भाव मिळतो असें ज्या मुलीच्या दृष्टीस पडेल ती आईच्या शेजारीं बसून तें काम शिकेल; आणि मिळत नाहीं असें दिसेल तर ती शिकणार नाहीं, व शिकूं नये हेंच तिच्या दृष्टीनें शहाणपणाचें ठरेल. एक पिढी शिकली नाहीं कीं तें ज्ञान संपलें. बांबू कोणत्या महिन्यांत तोडावा, कोणती पट्टी तळाला घालावी, हें कोणत्याही पुस्तकांत वाचून हातांत येत नाहीं.

यासाठीं आमच्या विद्यालयापुढें दोन लहानशा सूचना ठेवण्याची आम्ही परवानगी घेतों. पहिली अशी कीं, वार्षिक बक्षीस समारंभांत जे प्लास्टिकचे व पत्र्याचे चषक आपण वांटतों आणि जे वर्षभरांत कपाटाच्या मागें पडतात, त्यांच्या जागीं कारागिरांनीं केलेल्या वस्तु द्याव्या. हातानें काढलेलें एक लहान चित्र, बांबूची एक सुबक पेटी, सावंतवाडीच्या चितार आळींतलें एखादें लांकडी खेळणें, हीं बक्षिसें मुलें जन्मभर जपून ठेवतील. त्या वस्तूबरोबर कारागिराचें नांव व गांव लिहिलेली एक चिठ्ठी असावी. दुसरी सूचना अशी कीं, वर्षांतून एकदां तरी एखाद्या कुंभारास, बुरुडास किंवा वारली चित्रकारास शाळेंत बोलवावें, आणि पाहुण्या व्याख्यात्यास देतों तसें मानधन देऊन त्याच्याकडून मुलांना शिकवून घ्यावें. मुलांनीं स्वतः एक टोपली विणण्याचा यत्न करावा. ती वांकडी होईल, यांत शंका नाहीं. पण ज्यानें एक वांकडी टोपली विणली आहे तो सरळ टोपलीची किंमत पाडून मागणार नाहीं.

वसईकरांना घंटांचा इतिहास सांगावयास नको. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या सैन्यानें येथला किल्ला घेतल्यावर चर्चमधील कांहीं घंटा देशावर नेण्यांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरांत व वाईजवळच्या मेणवलीस त्या आजही आहेत. त्या ओतल्या गेल्या तेव्हांचें राज्य गेलें, ज्यांनीं त्या नेल्या त्यांचेंही राज्य गेलें. घंटा मात्र राहिल्या, कारण त्या करतांना कोणीं हयगय केली नव्हती. टोपली कांहीं घंटेइतकी टिकत नाहीं. परंतु जिनें ती मन लावून विणली तिचें काम घंटा ओतणाराच्या कामाहून हलकें नाहीं, आणि तें ओळखण्याची जबाबदारी आपणां घेणारांवर आहे.

त्या दिवशीं आम्हीं शेवटीं महाग टोपलीच घेतली, आणि सांगितलेला पूर्ण भाव दिला. ती टोपली आमच्या स्वयंपाकघरांत कांद्याबटाट्यांनीं भरलेली आहे. दिवाळी येऊन गेली. तिचा कांठ अजून जसाच्या तसा आहे. परवां पुन्हां होळीच्या बाजारांत गेलों तेव्हां त्या बाईनें आम्हांस ओळखलें व टोपली कशी आहे म्हणून विचारलें. कोणत्या दुकानानें आपल्या वस्तूची अशी विचारपूस केल्याचें आम्हांस तरी आठवत नाहीं. तेव्हां, बालमित्रहो, पुढच्या खेपेस आईबरोबर बाजारांत जाल तेव्हां तिची पिशवी तर घ्याच. पण एखादी वस्तु घेण्यापूर्वीं ती उलटी करून पाहा, आणि करणाराचें नांव विचारा.